कोलेस्टेरॉल उतरलं म्हणून वाटलेला मैसूरपाक

मला रक्ताचा कर्करोग झाला. उपचार अजून संपलेले नाहीत. ज्यांच्या घरात नुकताच असा रिपोर्ट आला असेल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, पण सुरुवात मिठाईच्या डब्यापासून करावी लागेल. त्याला इलाज नाही.

चेन्नईत गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे. तिथल्या तपासणी विभागात मी काम करतो. मूळचा मी लातूरकडचा. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. शाळेतले विज्ञानाचे सर सुटीत घरी बोलावून शिकवायचे आणि पैसे विचारले की रागवायचे. त्या सरांमुळे मी इंजिनिअर झालो, हे मी कधी विसरलो नाही.

कारखान्यात हृदयाच्या तपासणीचं शिबिर झालं. फक्त साखर आणि चरबी तपासली. माझं कोलेस्टेरॉल दोनशे अठ्ठेचाळीस निघालं. शुभांगीने, म्हणजे माझ्या बायकोने, तो कागद फ्रीजवर लावला आणि दुसऱ्या दिवसापासून घरातलं तूप बंद केलं. तेल मोजून चमच्याने. मी संध्याकाळी चालायला लागलो. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर एकशे चार! गोळी नाही, काही नाही. शुभांगीचा चेहरा असा खुलला होता की जणू दहावीचा निकाल तिचाच लागला.

मी विभागात मैसूरपाक वाटला. शेजारच्या टेबलावरचा सेल्वम तो बोटात धरून म्हणाला, "सार, कोलेस्टेरॉल उतरलं म्हणून तुपाचा मैसूरपाक? तुमच्या बायकोला फोन लावू का?" सगळे हसले. मीही हसलो. त्या आठवड्यात मला दोन जिने चढताना धाप लागत होती आणि दात घासताना थुंकीत रक्त दिसत होतं. वजन उतरतंय, थकवा येणारच, असं मी धरून चाललो होतो.

माझं काम काय, तर माप बघणं. मशिनला कुणी हात लावला नसताना माप एकाएकी सरकलं, तर ते चांगल्या बाजूला सरकलं असलं तरी मी मशिन थांबवतो. कारण शोधल्याशिवाय माल पुढे जाऊ देत नाही. स्वतःच्या रक्ताचं माप असं निम्म्याहून खाली आलं, तेव्हा मी मिठाई वाटली.

*

निदानाच्या दिवशी आम्ही दोघे डॉक्टर मॅडमच्या खोलीत बसलो होतो. माझ्या दंडावर आणि मांड्यांवर आपोआप निळे डाग उठले होते, म्हणून रक्त तपासलं, मग कमरेच्या हाडातला मगज, म्हणजे बोन मॅरो, काढून तपासला. मॅडम तमिळ, आमच्याशी इंग्रजीत बोलत होत्या, सावकाश, मुद्दाम सोप्या शब्दांत.

आजाराचं नाव ऐकल्यावर माझ्या कानांत काहीच शिरेना. खोलीतल्या पंख्याच्या एका पात्यावर धूळ जास्त होती, ते मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. शुभांगीने पर्समधून चरबीच्या दोन्ही रिपोर्टच्या झेरॉक्स काढून टेबलावर ठेवल्या. ती म्हणाली, "मॅडम, गेल्या महिन्यापर्यंत तर सगळं सुधारत होतं."

मॅडमनी ते दोन कागद शेजारी शेजारी धरले. मग म्हणाल्या, "हे सुधारणं नव्हतं. नवी पेशी तयार होताना तिला अंगाभोवती पडदा लागतो. त्या पडद्याला कोलेस्टेरॉल लागतं. ते रक्तातून छोट्या गोळ्यांसारखं वाहत येतं आणि रक्त तयार करणाऱ्या पेशी ते उचलतात. तुमच्या हाडांत बिघडलेल्या पेशी फार वेगाने वाढत होत्या. त्या ते कोलेस्टेरॉल ओढून घेत होत्या. खाण्यातून थोडंफार उतरलं असेल. एवढं नाही."

शुभांगीने विचारलं, "म्हणजे मी तूप बंद केलं म्हणून हे झालं नाही?"

"नाही. अजिबात नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल."

हे शेवटचं वाक्य त्या का बोलल्या ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी आमच्यासारखी बरीच घरं पाहिलेली असावीत.

(एक खुलासा. पथ्याने किंवा गोळीने कोलेस्टेरॉल उतरलं तर घाबरू नका, ते चांगलंच असतं. माझ्या बाबतीत एवढी उतरण एवढ्या लवकर झाली, सोबत धाप आणि रक्त होतं, आणि मी कुणाला दाखवलं नाही. चूक त्यात होती.)

*

आई गावाहून दीड दिवसाचा प्रवास करून आली. डब्यात भाकरी, चटणी आणि घरच्या तुपाची बरणी. ती घरात शिरली तेव्हा फ्रीजवरचा कागद तसाच होता. त्याच्याखाली शुभांगीने लिहिलेलं होतं, "तूप बंद."

आईने तिला वाचायला लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "संतू, रक्त कशापासून बनतं रे?"

मी म्हणालो, "खाण्यापिण्यापासूनच बनतं, आई."

"मग हिनं तुझं तूप कामून तोडलं?"

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मॅडमनी सांगितलेलं सगळं मला ठाऊक होतं. शुभांगी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी म्हणालो, "जाऊ दे आई, प्रवासानं दमलीस तू."

कारण लिहितो, लपवत नाही. माझ्या अंगात काहीतरी महिनोन्महिने मला आतून खात होतं, हे आईला सांगायची माझी छाती झाली नाही. सुनेनं तूप तोडलं म्हणून लेकरू आजारी पडलं, यात निदान उपाय तरी होता. तूप पुन्हा सुरू केलं की झालं. आईला धरायला काहीतरी हवं होतं आणि मी तिच्या हातात शुभांगीला दिलं. आणि मी घरातला शिकलेला. मी काही बोललो नाही, त्याचा अर्थ आईने होकार असा घेतला.

शुभांगीने मला एकटं गाठून तीनदा विचारलं, "अहो, सांगा ना आईंना." तिन्ही वेळा मी म्हणालो, थोडं थांब. चौथ्यांदा तिने विचारलं नाही.

*

वॉर्डचं वेळापत्रक तुम्हाला पाठ होईल, म्हणून थोडक्यात सांगतो. पहाटे रक्त काढायला येतात. आकडे अकराला कळतात, तोपर्यंत कुणी कुणाशी नीट बोलत नाही. केमोथेरपीची लाल बाटली लागली की लघवी लाल होते, घाबरायचं नाही. तोंडात फोड येतात, पाणीसुद्धा तिखट लागतं. दोन आठवड्यांनी केस उशीवर राहतात. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपतात आणि मग साधा जंतूसुद्धा जिवावर उठतो. त्यामुळे कच्चं काही खायचं नाही, फूल जवळ ठेवायचं नाही, आणि आत एका वेळी एकच माणूस.

आतली ती एक खुर्ची आईने घेतली. "तू नको बसूस तिथं," असं तिने शुभांगीला दाराबाहेरच सांगितलं. शुभांगी रोज सकाळी वाफाळता डबा आणायची, सिस्टरकडे द्यायची आणि जिन्यात बसायची. दुपारी तिथेच स्वतःचा डबा खायची. दार उघडलं की मला तिची पाठ आणि वेणी दिसे. दार बंद झालं की दिसत नसे. हे अकरा दिवस चाललं.

आमच्या खोलीत दोन पलंग होते. दुसऱ्यावर रावकाका होते, वय सत्तरीच्या पुढे. जॉर्ज टाउनमध्ये एका तूप-तेलाच्या घाऊक पेढीवर त्यांनी चाळीस वर्षं गोदाम सांभाळलेलं. घराणं तंजावरकडचं. पहिल्या दिवशी आईची बडबड ऐकून ते उठून बसले आणि म्हणाले, "तुम्ही महाराष्ट्रांतले काय? आमचं मराठी ऐकून हंसूं नका हं. गांव सोडून तीनशें वर्षं झालीं आम्हांला."

आई म्हणाली, "अगं बाई, तीनशे वर्षं झाली तरी बोलता की!"

"बोलायला माणूस मिळत नाहीं, अक्का. मुलगा तमिळ बोलतो, नातीला इंग्रजी. मी आणि देव, दोघेच मराठी बोलतों."

"अक्का काय म्हणता, मी तुमच्याहून लहान हाय."

"आजारी माणसाला सगळ्या अक्काच," असं म्हणून ते हसले. हसताना त्यांच्या ओठातून रक्त आलं. आईने पुढे होऊन टिपलं. त्या दिवसापासून आई त्यांना भाऊ म्हणू लागली. त्या खोलीत तेवढंच बरं होतं.

*

आता तुपाबद्दल.

सातव्या दिवशी सिस्टर बाहेर गेली तसं आईने पदराआडून फिरकीच्या झाकणाची डबी काढली. घरचं तूप, त्यात देवापुढची तुळशीची चार पानं. गावाकडे आजाऱ्याला असंच देतात. मी तान्हा असताना ताप उतरत नव्हता, तेव्हा हेच दिलं होतं म्हणे.

मला नियम पाठ होते. कच्चं पान नाही. बाहेरचं काही नाही. पांढऱ्या पेशी त्या दिवशी जवळजवळ शून्य होत्या. मी आईला म्हणालो, "नको, इथं चालत नाही."

"तुपाशिवाय रक्त कसं भरंल रे? तूच म्हणाला व्हतास, खाण्यापिण्यापासून बनतं."

आणि मी तोंड उघडलं. नाही म्हणायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून मी गिळलं. पान जिभेवरच्या फोडांना लागलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. आईला वाटलं, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. रक्तदाब इतका खाली गेला की पलंगाची पायाकडची बाजू वर उचलली. एकदम चार माणसं आत आली. मला कुणीतरी तमिळमध्ये माझं नाव विचारत होतं आणि मला ते आठवत नव्हतं. तुळशीच्या पानामुळेच ताप आला असं मॅडम म्हणाल्या नाहीत. अशा दिवसांत ताप कशानेही येतो, असं म्हणाल्या. पण पलंगाखाली पडलेली डबी सिस्टरने उचलून त्यांना दाखवली. मॅडमनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आईला इंग्रजी येत नाही. मला येतं.

तीन दिवस मी मरतो की जगतो ते कुणी सांगू शकत नव्हतं. त्यातलं मला फारसं आठवत नाही. जे आठवतं ते लिहावंसं वाटत नाही.

*

ताप थोडा उतरला त्या दुपारी आई कोपऱ्यात बसून एकच वाक्य म्हणत होती. "हिनं रक्त आटवलं माझ्या लेकराचं. मी भरायला गेले तर वेळ निघून गेली."

रावकाका अंगावर चादर ओढून पडलेले होते. त्यांचेही आकडे वाईट होते. त्यांनी डोळे न उघडता हाक मारली.

"अक्का, एक विचारूं? मी चाळीस वर्षं तुपाच्या गोदामांत काढलीं. डबे कमी भरले तर मालक मलाच धरायचा. मग मी काय बघायचों सांगा."

आईने त्यांच्याकडे मान वळवली.

"दोन गोष्टी बघायचों. माल आलाच नाहीं, कां आलेला माल उंदरांनीं खाल्ला. माल आला नाहीं तर गोदाम हळूंहळूं रितं होतं, महिना महिना लागतो. एकाएकीं अर्धं रिकामं झालं तर नक्की उंदीर. डॉक्टरीण मला पण तेंच सांगते. आमच्या हाडांत उंदीर झालेत, अक्का. तेच रक्तांतलं तूप खातात आणि आपलीं पिल्लं वाढवतात. तुमची सून दारावर उभी होती हो, कमी माल आणा म्हणत. उंदीर तिनं नाहीं सोडले."

आई मग म्हणाली, "मग मी काल परवा दिलं ते?"

"तें लेकराला दिलं तुम्ही. उंदरांना नाहीं. तेवढंच धरा." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि आतां त्या मुलीला जिन्यांतून आंत बोलवा. वळचणीला उंदीर बसलेले मी पुष्कळ बघितले, घरची सून बसलेली नाहीं."

आई उठून बाहेर गेली. दार उघडं राहिलं. जिन्यात ती शुभांगीशी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने शुभांगी आत आली आणि खुर्चीवर बसली. तिने माझा हात धरला नाही. ती रावकाकांच्या पलंगाकडे बघत होती.

जाताना आई तिला एवढंच म्हणाली, "लेकराला पण ठाऊक नव्हतं गं. त्यानं काय केलं असतं?"

शुभांगी काहीच बोलली नाही. मीही नाही.

त्या आठवड्यातच रावकाका गेले. सकाळी रक्त काढायला आलेल्या सिस्टरने पडदा ओढून घेतला आणि अकराला आमच्या खोलीतल्या एकाच पलंगाचे आकडे आले. त्यांची नात येऊन पिशवी घेऊन गेली. आई तिच्याशी मराठीत बोलायला गेली, तर तिला कळेना. आई तरी बोलत राहिली.

*

केमोच्या पहिल्या फेरीनंतर मगज पुन्हा तपासला. बिघडलेल्या पेशी दिसत नाहीत, असं मॅडम म्हणाल्या. "दिसत नाहीत" आणि "नाहीत" यांतला फरक त्यांनी मला दोनदा समजावला. अजून फेऱ्या आहेत, त्यानंतर कदाचित दुसऱ्याचा मगज घालावा लागेल, आणि तेही कामी येईलच असं नाही. हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. मला कुणी गोड करून सांगितलं असतं तर पुढचं सोसलं नसतं.

दुसऱ्या फेरीआधी सगळ्या तपासण्या झाल्या. त्यात चरबीही होती. कोलेस्टेरॉल दोनशे एकोणतीस. शेजारी जास्तीची खूण, ठळक अक्षरात. मॅडम आधीच म्हणाल्या होत्या, यावरून काही ठरवू नका, खरा निकाल मगजाचाच. तरी घरी तो कागद वाचताना शुभांगी मध्येच थांबली. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. निदानाच्या दिवशीही ती माझ्यासमोर रडली नव्हती.

आई ताटं वाढत होती. तिने विचारलं, "वाढलं का? भाऊ म्हणाले व्हते बघ. उंदीर गेले की गोदाम भरतं." आणि भातावर तूप वाढायला चमचा घेतला, मग शुभांगीकडे बघून थांबली. "किती घालू गं?"

अकरा दिवस जिन्यात बसलेल्या बाईला आई विचारत होती, किती घालू. मला जेवण पुढे सरेना.

मी म्हणालो, "आई, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"काय?"

"रावकाकांनी सांगितलं ते. डॉक्टरांनी आम्हा दोघांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू गावाहून आलीस त्याच्या आधी. शुभांगीचा काही दोष नव्हता. मी बोललो नाही."

आईने चमचा भांड्यात ठेवला. "ती जिन्यात जेवत व्हती, तवा?"

"हो."

"मी तुला तूप भरवलं, तवा?"

"हो."

ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. हमाली करून रिकाम्या हाताने परत आलेल्या वडिलांकडेही तिने कधी असं पाहिलं नव्हतं. मग शुभांगीला म्हणाली, "तू तरी बोलायचंस की, पोरी."

"तुम्ही ऐकलं असतं का, आई?"

"नसतं," आई म्हणाली. आणि मग, माझ्याकडे न बघता, "मी अडाणी. मी ह्याच्या तोंडाकडं बघत व्हते."

त्या दिवशी आई आणि शुभांगी शेजारी शेजारी बसून जेवल्या. माझ्याशी दोघीही बोलल्या नाहीत. मला ते मिळायलाच हवं होतं.

तुमच्या घरी असा दिवस आला, तर डॉक्टर जे सांगतील ते त्याच दिवशी, एकाच वेळी, घरातल्या सगळ्यांना सांगा. ज्याला इंग्रजी कळतं त्याने सांगावं. मी सांगितलं नाही, तेव्हा ते काम एका मरणाऱ्या माणसाला करावं लागलं. त्यांचे आभार मानायचेही माझ्याकडून राहून गेले.

सोमवारी मला पुन्हा दाखल व्हायचं आहे. सिस्टर दारात विचारते, आत कोण बसणार, नाव सांगा. या वेळी ती कुणाच्या तोंडाकडे बघेल त्याच्या आधीच मी बोलणार आहे. पिशवी भरताना आईने विचारलं तेव्हा तिलाही मी सांगितलं, आतली खुर्ची शुभांगीची.

आई म्हणाली, "मग मी जिन्यात बसते."